हळद प्यालेला पेन

सांगलीत हळदीचा बाजार भरात आला की मी बसमध्येही पुस्तक उघडते. मार्केट यार्डाच्या बाजूने बस जाते तेव्हा खिडकीतून पिवळी धूळ आत येते. पोती उतरवणाऱ्या हमालांचे बनियन पिवळे, त्यांच्या पापण्या पिवळ्या, सावलीला झोपलेलं कुत्रंसुद्धा पाठीवर पिवळं. इतरांना हा वास लग्नाचा वाटत असेल. मला तो हॉल तिकिटाचा वाटतो. कारण हळद बाजारात येते त्याच दिवसांत आमच्या परीक्षा येतात, आणि दोन्ही एकदमच संपतात.

यंदा शेवटचं वर्ष आहे. यंदा थकवा लवकर आला. लायब्ररीतला पंखा डोक्यावर कुरकुरतो, समोरच्या पानावरच्या ओळी एकमेकींवर चढतात, आणि दुपारी चारला मी तीच ओळ चौथ्यांदा वाचत असते. परवा शेजारी बसलेल्या मैत्रिणीने मोबाइल पुढे केला. त्यात एका शाईच्या लाकडी पेनाचा फोटो होता आणि खाली किंमत. ती म्हणाली, "बघ गं, एवढ्या पैशात गाडी आली असती सेकंडहँड. कोण घेत असेल? येडेच असणार." मला बोलता आलं असतं, पण कुठून सुरुवात करायची ते कळेना. असे पेन मी हातात धरले आहेत. एक तर माझ्यामुळेच बिघडला.

आमचं गाव वडूजच्या पुढे. वडील फौजेत, वर्षातून दोनदा घरी येतात. आई शेत आणि दोन शेळ्या बघते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे परीक्षा आली की काय करायचं असतं हे मला कुणी सांगितलेलं नाही, आणि पोरीची परीक्षा आली की घरच्यांनी काय करायचं असतं हे आईला कुणी सांगितलेलं नाही. दोन्हीकडून आमचं अंदाजानेच चालतं.

कॉलेज सांगलीत, पण खोली मिरजेत मिळाली. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत. दारोदार मोठाले वाळके भोपळे टांगलेले, पायाखाली लाकडाचा भुसा, आणि कुठल्या तरी घरातून एकच तार पुन्हा पुन्हा छेडल्याचा आवाज. माझ्या खोलीच्या खालीच हमीदचाचांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लेथ, एक खिडकी आणि एक रेडिओ. चाचांनी आयुष्यभर सतारीच्या खुंट्या केल्या. खुंटी दिसायला साधी असते. पण ती पिळली की फिरली पाहिजे, आणि सोडली की तसूभरही मागे सरकता कामा नये, नाहीतर तार उतरते. हे जमायला चाचांना म्हणे दहा वर्षं लागली. मग पुण्याच्या एका दुकानदाराने त्यांचा हात बघितला आणि म्हणाला, आम्हाला लाकडी पेन करून द्या. पेनाचं टोपणही तसंच बसावं लागतं.

चाचा हसून सांगायचे, "चाळीस वर्सं खुंट्या केल्या, कुणी विचारलं न्हाई. तीच खुंटी आतनं पोकळ केली आन् टोकाला निब लावली, तर आता लोक फोटो काढून न्ह्यायला लागल्यात."

मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "चाचा, एवढी किंमत असते का हो खरंच याची?"

"किंमत मी लावत न्हाई गं. त्या दुकानात काचेचं एक कपाट हाय. किंमत ते कपाट लावतं."

माझं अक्षर बरं आहे. खोलीच्या दारावर मी माझं वेळापत्रक चिकटवलं होतं, ते चाचांनी बघितलं आणि मला काम दिलं. काम असं की नवा पेन आठ दिवस चालवायचा. रोज चार-पाच पानं लिहायची. शाई अडते का, निब कागदाला बोचते का, टोपण सैल पडतं का, ते बघायचं. त्या दिवसांत पेनाला नुसतं तेलाचं बोट लावलेलं असे, वरचं पॉलिश नसे. हाताच्या उबेने लाकूड जरा हलतं, फुगतं, बसतं. ते बसलं की मग चाचा शेवटचा हात मारत, चपड्याचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा. सतारीच्या खुंटीलाही ते तसंच करत.

"घोडं आन् पेन," चाचा म्हणायचे, "चालवल्याबिगर गिऱ्हाइकाला द्यायचं न्हाई."

"तुम्ही कधी घोडं विकलंय?"

"आमच्या आज्ज्यानं विकलं. चालवलं न्हवतं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आन् घोडं, दोघंबी दारात!"

लिहायचं तर काय लिहायचं? मी माझा अभ्यासच लिहायचे. इतिहासाची उत्तरं. औद्योगिक क्रांतीची कारणे, दुष्काळ आयोगाच्या शिफारशी, शेतकऱ्यांच्या उठावाचे परिणाम. पुण्यात कुणी वकील आज ज्या पेनाने सही करत असेल, तो पेन पहिल्यांदा लिहायला शिकला तो माझ्या दहा गुणांच्या प्रश्नावर, हे त्या वकिलाला माहीत नसणार. मला त्याची गंमत वाटायची. आणि खरं सांगायचं तर हाताला फरक कळायचा. एप्रिलमध्ये तळव्याला घाम येतो, प्लॅस्टिकचा पेन बोटांतून निसटतो, मग आपण तो आवळून धरतो आणि मनगट भरून येतं. लाकूड निसटत नाही. ते घाम पिऊन घेतं. शाईच्या पेनाला दाबावंही लागत नाही. पाच पानं झाली तरी हात म्हणायचा, अजून चालेल.

पण परीक्षेला मी दहा रुपयांचा बॉलपेनच न्यायचे. आमच्या उत्तरपत्रिकेचा कागद असा, की शाई मागच्या पानावर उतरते. म्हणजे सराव राजाच्या पेनाने आणि परीक्षा शिपायाच्या.

गेल्या वर्षी, दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेच्या तोंडावर, पुण्याचे एक डॉक्टर स्वतः मिरजेला आले. त्यांच्याकडे त्यांच्या वडिलांची शिसवीची काठी होती. काठीला कीड लागलेली, पण मुठीखालचा वीतभर तुकडा शाबूत होता. तेवढ्याचा एक पेन करून द्या, म्हणाले. चाचांनी तुकडा नखाने वाजवून बघितला आणि मला म्हणाले, "ह्यात एकच पेन हाय. दुसरा न्हाई." तयार झाल्यावर तो काळपट तपकिरी पेन त्यांनी मलमलीच्या फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला. आठ दिवसांतले पाच झाले, आणि माझा पहिला पेपर उजाडला.

आदल्या दिवशी आई आली. वडूजहून विट्यामार्गे एसटीने, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. पेपरच्या दिवशी पोरीने मेसचं खाऊ नये एवढं तिने स्वतःच ठरवलं होतं. सांगलीच्या स्टँडवर उतरून तिने ताजी हळद घेतली, पावशेर. "हितली हळद काय रंगाची हाय गं!" म्हणून मला पुडी उघडून दाखवली. मी पुस्तकातून मान वर न करता हं म्हटलं.

सकाळी जाग आली ती उदबत्तीच्या वासाने. आई अंघोळ करून बसली होती. दसऱ्याला ती खुरपी, विळा, पेरायची पाभर मांडून पूजा करते, तशी तिने माझी पुस्तकं भिंतीशी रचली होती. पुस्तकांवर हळदीकुंकवाची बोटं. हॉल तिकिटाच्या पिशवीवर बोटं. आणि सगळ्यांच्या वर, मलमलीच्या फडक्यावर, तो पेन. हळद तिने पाण्यात कालवली होती. पाच ओली बोटं त्या उघड्या लाकडावर उठली होती, आणि लाकूड ती पीत होतं. मी बघत होते तोवर कडा पसरत होत्या.

"आई, हा कुठून घेतलास?"

"पिशवीतनं. किती जपून ठिवलावतास. मला वाटलं, आजचा पेपर ह्येनंच लिवायचाय."

"हा माझा नाही. गिऱ्हाइकाचा आहे. किंमत माहितेय का? तुझ्या दोन्ही शेळ्या विकल्या तरी येणार नाही हा."

आईने हात पदराला पुसले. पेनाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या तोंडावर भीती नव्हती अजून, नुसतं नवल होतं.

"येवढं कशानं? ह्येनं लिवलं की मार्क जास्ती पडत्यात व्हय?"

प्रश्न साधा होता. मी स्वतःही तो मनात कितीदा विचारला होता, आणि मला त्याचं उत्तर येत नव्हतं. उत्तर येत नसलं की माणूस जे बोलतो ते मी बोलले.

"तुला नाही कळायचं."

एवढंच. ओरडलेही नाही. पण ते तीनच शब्द मी ज्या आवाजात बोलले तो आवाज माझा नव्हता. कॉलेजातल्या ऑफिसच्या खिडकीतून मला जो ऐकू येतो, फॉर्म परत सरकवताना, तो होता.

पेपरला उशीर होत होता. मी पेन तसाच ठेवून गेले. तीन तास लिहिलं. काय लिहिलं ते आठवत नाही.

परत आले तेव्हा आई गच्चीवर बसली होती, माझी वाट बघत, आणि खुशीत होती. "बग," म्हणाली, "डाग पार गेला." हळदीचा डाग उन्हात उडतो हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लुगडं असो नाहीतर पोराचं झबलं, धुवायचं आणि उन्हात टाकायचं. आईने पेन पाण्याने धुतला होता, पदराने पुसला होता, आणि गच्चीच्या कठड्यावर एप्रिलच्या उन्हात तीन तास ठेवला होता. उन्हं फिरतील तसा फिरवलाही होता. पिवळं खरंच गेलं होतं. आणि टोपणाच्या बाजूने निम्म्यापर्यंत एक बारीक काळी चीर पडली होती.

आईचंही लक्ष तिकडे गेलं. "ही रेघ आदीचीच हाय न्हवं?" तिने विचारलं.

आम्ही दोघी खाली गेलो. चाचांनी लेथ थांबवला. चिरेवरून नख फिरवलं. मग आईला म्हणाले, "बसा ताई. पाणी घ्या." सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "हळदीचं काय न्हवतं गं. पॉलिश पेपरचे दोन हात मारले असते की गेली असती. सकाळीच खाली का न्हाई आलीस?"

"पेपर होता," मी म्हटलं. ते खरं होतं आणि कारण ते नव्हतं. जिना उतरायला अर्धं मिनिट लागलं असतं. आईला असं सांगायला की, राहू दे, चाचांना विचारू, त्याहून कमी.

आई म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं पाभरीचं दांडकं पडलंय, बाभळीचं. माझ्या सासऱ्याच्या वक्ताचं. तसलं चालत आसंल तर पुढल्या एसटीनं आणते."

"बाभळ लय चांगली ताई. पर ह्यो त्यांच्या बापाच्या काठीचा हाय."

"बापाच्या काठीचा?" आईने पेनाकडे पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मग पूजा तर बरोबरच झाली की माझी." चाचा मोठ्याने हसले. आई हसली नाही. "पर ऊन न्हवतं द्यायचं," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचे डोळे भरले. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. थांब म्हटलं तर म्हणाली, शेळ्या हायत.

चाचांनी चिरेत लाख भरली, सतारीचा भोपळा तडकला की भरतात तशी. बोटाला लागत नव्हती, पण डोळ्यांना दिसायची. डॉक्टर न्यायला आले तेव्हा मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांनी पेन उजेडात धरला. "हे काय?"

"चीर हाय साहेब," चाचा म्हणाले. "माझ्याकडनं उन्हात राहिला."

माझ्या ओठांपर्यंत शब्द आले होते. डॉक्टरांनी समोर पडलेल्या माझ्या सरावाच्या कागदावर कोपऱ्यात काहीतरी लिहून बघितलं, बहुतेक वडिलांचं नाव. मग वरच्या ओळी वाचल्या. "अक्षर कुणाचं?"

"हिचं."

"छान आहे."

मी म्हटलं, "थँक्यू." आणि चहा खाली ठेवून आत गेले. त्यांचं आपसात काय ठरलं मला माहीत नाही. पेन ते घेऊन गेले एवढं खरं. तो कागद माझ्याकडे आहे. डॉक्टरांना खरं काय ते सांगायचं अजून राहिलंय. चाचांनी कधी तो विषय काढला नाही, आणि पुढच्या आठवड्यात नवा पेन चालवायला दिला. तेही एक ओझंच होतं.

त्यानंतर दसऱ्याला मी घरी गेले. आईने खुरपी मांडली, विळा मांडला, पाभर तर मांडलीच. मी माझी दोन पुस्तकं त्या रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. तिने सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि पुस्तकांपाशी येऊन थांबली. "तुझ्या वस्तूंला तूच लाव बाई. मला न्हाई कळत त्यातलं." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. तिला खरंच तसं वाटू लागलं होतं, आणि ते मी तिला शिकवलं होतं. घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाने शिकवलेला पहिला धडा.

तर असे पेन त्या किमतीचे असतात का? मैत्रिणीला सांगायचं म्हणून मी बराच विचार केला. दहा वर्षं खुंटी वळवायला शिकलेला हात त्यात आहे, पण त्या हाताला किमतीतलं थोडंच मिळतं. लाकूड निसटत नाही, मनगट भरून येत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय, पण ज्यांना रोज वीस-वीस पानं लिहावी लागतात त्यांच्या हातात हे पेन कधी जात नाहीत. डॉक्टरांना मात्र तो महाग पडला नसावा, चीर असूनही. कधी वाटतं, लाकूड जे लावाल ते पितं, हळद, घाम, पाणी, त्याचीच ही किंमत. कधी वाटतं, काचेच्या कपाटाची. मला अजून नक्की सांगता येत नाही. आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका शब्दाचं होतं. नाही, मार्क जास्त पडत नाहीत. त्या सकाळी मी एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं.

गेल्या रविवारी मी मुद्दाम गावी गेले. परीक्षेच्या तोंडावर कुणी एवढा प्रवास करत नाही. विट्यापर्यंत उभंच राहावं लागलं. आई ओसरीवर जोंधळे पाखडत होती. तिच्यापुढे मी दोन बॉलपेन ठेवले.

"आई, परवा पेपर आहे. लाव."

तिने सूप बाजूला ठेवलं. पेनांना हात लावला नाही. "कितीचं हायत?"

"दहाचा एक."

"गिऱ्हाइकाचं न्हाईत न्हवं?"

"माझे आहेत. आई, मी त्या दिवशी म्हटलं ना, तुला नाही कळायचं. मलाच काही कळत नव्हतं. तू विचारलंस त्याचं उत्तर मला येत नव्हतं."

आई उठून आत गेली. मला वाटलं, नेहमीसारखं, चहा टाकायला. ती हळदीकुंकवाचा करंडा आणि पाण्याची वाटी घेऊन बाहेर आली. हळदीचं बोट तिने पेनावर टेकवलं. ओली हळद प्लॅस्टिकवरून घसरून थेंब होऊन खाली आली. तिने पुन्हा लावली, पुन्हा घसरली. कुंकू तर नुसतंच उडालं.

"ह्यो घीतच न्हाई गं काय," ती म्हणाली. मग तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि उलटासुलटा बघितला. मधल्या बोटावर, पहिल्या पेराला, लिहून लिहून घट्टा पडलाय. तिने तो अंगठ्याने दाबला. "ह्यो कवा पडला?"

"तीन वर्षांत."

तिने स्वतःचा तळवा उघडून त्यावरचे खुरप्याचे घट्टे एकदा बघितले, आणि माझ्या बोटावर हळद लावली. त्यावर कुंकू. भरपूर, जसं ती पाभरीला लावते.

"हिकडं बग," ती म्हणाली. "आता ह्येला ऊन दाखवू नगंस."

परतीची बस सांगलीत शिरली तेव्हा तीन वाजले होते. यार्डाकडून पिवळी धूळ येत होती. खिडकीतलं ऊन सरकत सरकत माझ्या मांडीवर आलं. मी उजवा हात ओढणीखाली घेतला.